जड आणि हलका

पाकखोलीत दोनच शब्द चालायचे. जड आणि हलका.

शीतपेयांच्या त्या कारखान्यात कागदोपत्री प्रत्येक पेयाला नाव होतं, क्रमांक होता, रंगीत चिठ्ठी होती. पण पोती वाहणाऱ्याला नावाशी काय देणंघेणं? सकाळी मुकादम दारात उभा राहून "आज जड रे!" म्हणाला की समजायचं, चाळीस पोती साखर. एक पोतं पन्नास किलोचं. थप्पीवरून खांद्यावर, खांद्यावरून अकरा लोखंडी पायऱ्या वर, टाकीच्या तोंडाशी. माणसं दोन, म्हणजे प्रत्येकी वीस खेपा. "आज हलका" म्हणाला की बिनसाखरेच्या पेयाचा घाणा. त्याला साखरेचा दाणाही लागायचा नाही. एक छोटं पिंप असायचं, आत दहा किलो पांढरी पूड. एका माणसानं ते काखोटीला मारून वर न्यायचं आणि टाकीत झटकायचं. संपलं काम. गोडी चाळीस पोत्यांइतकीच.

त्या खोलीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला सगळे पन्नास म्हणत. कामावर लागला त्या दिवशी कुणीतरी त्याला गमतीनं पोत्यांच्या काट्यावर उभं केलं, तर काटा बरोबर पन्नासवर थांबला. "आता कोण कुणाला उचलतंय ते बघायचं," मुकादम म्हणाला आणि अख्खी खोली हसली. हा हसला नाही. त्यानं पोतं उचललं. त्या दिवशी वीस खेपा झाल्या आणि पायरीवर पोतं एकदाही टेकलं नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पुढे वजन सत्तरच्या वर गेलं, तरी तो पन्नासच राहिला.

पोतं कसं उघडायचं, हेही त्याच्याकडून शिकावं. तोंडाच्या शिवणीचा उजवीकडचा दोरा ओढला तर ती एका दमात उसवते, डावीकडचा ओढला तर गाठ बसते. आधी बघायचं, मग ओढायचं. चाकू लावायचा नाही, दोऱ्याचे तुकडे पाकात पडतात. आणि घाणा पुरा झाल्याशिवाय जेवायचं नाही. बाकीचे दहाव्या पोत्यानंतर डबे उघडत. पन्नास विसावं पोतं रिकामं करून, त्याची घडी घालून, मग हात धुवायचा. "अर्धं काम टाकून घास उतरत नाही," एवढंच त्याचं म्हणणं.

हलका घाणा लागला की त्याला दिवस फुकट गेल्यासारखा वाटे. घाम न गाळता आलेली गोडी त्याला खरी वाटत नसे.

त्याचा थोरला भाऊ त्याच कारखान्यात बाटल्या तपासायचा. उजेडाच्या पाटीसमोरून बाटल्या सरकत जायच्या. काडी, केस, तडा दिसला की ती बाटली बाजूला काढायची. दिवसभर त्या उजेडासमोर बसून घसा कोरडा पडे, आणि कामगारांना पेय फुकट होतं. थोरला दिवसाला सात-आठ बाटल्या सहज रिचवायचा. सगळ्या जड. मधुमेह निघाला तेव्हा उशीर झाला होता. बुटानं अंगठ्याला फोड आला, तो चिघळला. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटच्या वर्षी पन्नास त्याला पाठीवर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढायचा. एक दिवस मधल्या पायरीवर त्याच्या लक्षात आलं, की थोरला आता पोत्याहून कमी भरतोय. ते काट्यानं सांगावं लागलं नाही, पाठीला कळलं.

म्हणून चोपन्नाव्या वर्षी त्याच्या स्वतःच्या रक्तात साखर निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला आकडा त्याला ऐकूच आला नाही. त्याला पाय दिसले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो बूट काढायचा, बायकोचा हातआरसा जमिनीवर ठेवायचा आणि त्यात एकेक तळवा बघायचा.

जड बंद झाला. पण दुपारी गार काहीतरी घशाखाली उतरवायची सवय इतक्या वर्षांची. मग तो हलक्यावर आला. पाकखोलीत लगेच चर्चा सुरू.

"हलका पिऊ नको रे पन्नास," जोडीदार म्हणाला. "रसायन आहे ते. साखरेनं माणूस हळूहळू जातो, त्यानं एकदम."

"तू बघितलास कुणी एकदम गेलेला?"

"बघितला नाही. ऐकलंय."

"मी ते पिंप उघडतो ना? पूड नाकातोंडात जाते. गेलो का?"

"तू कसला जातोस! तुला न्यायला जो येईल त्यालाच तू आधी विचारशील, घाणा पुरा झाला का म्हणून."

हसण्यावारी गेलं तरी मनात किंतु राहिला. त्यानं डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. बाई मोजकं बोलणारी, पण पदरचं काही न घालणारी.

"त्यानं तुमची साखर वाढणार नाही," ती म्हणाली. "साखरेच्या पेयापेक्षा ते तुम्हाला केव्हाही बरं. दिवसातून एखादं घेतलंत तर माझी हरकत नाही. पण ते औषध नाही. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याचं काय होतं, यावर अभ्यास चाललेत आणि अजून त्यातून एक ठाम उत्तर निघालेलं नाही. मला विचाराल तर तहान लागली की पाणी प्या."

"पाणी काय, नळाला असतंच."

"मग त्याच नळाला जा की."

त्यातलं त्याच्या कानात शिरलं ते पहिलं वाक्य. साखर वाढणार नाही. ते त्याला पटलंही, कारण त्या टाकीत साखर पडत नाही हे त्याच्याइतकं कोण जाणत होतं? दिवसाला चार कॅन होऊ लागले. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, तर आकडा होता त्याहून वर.

"कॅनमध्ये साखर नाही, हे खरं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मग ही आली कुठून?"

"तेच तर मी विचारतोय."

"कॅनबरोबर काय खाता?"

"बिस्किटं. म्हटलं कॅनची साखर वाचली, तर..."

"किती?"

त्याला खोटं बोलता येत नसे. "पुडा."

"अख्खा?"

"अर्धा टाकायचा म्हणजे..." तो म्हणाला.

बिस्किटं सुटली. कॅन दिवसाला एकावर आला, बाकी तहानेला पाणी. आकडा खाली आला आणि काही वर्षं तिथं राहिला. पण दुखणं आपल्या गतीनं पुढे सरकतच होतं. साठाव्या वर्षी तो कामावरून निवृत्त झाला आणि त्याच वर्षी गोळ्या पुरेनाशा होऊन सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई सुरू झाली.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट बसवून सांगितलं. आतापर्यंत साखर चढायची भीती होती, आता उतरायचीही आहे. सुई घेतली आणि जेवण लांबलं, किंवा अंगमेहनत फार झाली, तर साखर एकदम खाली येते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं. "अशा वेळी साखरेचं पेय अर्धा कप, लगेच. बिनसाखरेचं नाही. ते त्या वेळी नुसतं पाणी. घरी कोण असतं?"

"बायको."

"त्यांना घेऊन यायला हवं होतं."

"तिला काम होतं," तो म्हणाला. ते खरंच होतं. बायको घरी लोकांचे कपडे इस्त्री करायची आणि त्या दिवशी शाळेच्या गणवेशांचा ढीग आला होता.

"मग घरी गेल्यावर हे सगळं त्यांना सांगा. सगळं."

त्यानं मान डोलावली. वाटेत दुकानातून एक जड कॅन घेतला. घरी मांडणीच्या खालच्या फळीवर हलक्याचे सहा कॅन एका ओळीत होते, त्यांच्या मागे कोपऱ्यात तो ठेवला. दोन्हींचा रंग तोच, अक्षरं तीच. फरक एका बोटभर करड्या पट्टीचा.

"तो कोपऱ्यातला साखरेचा आहे," त्यानं बायकोला सांगितलं. "त्याला हात लावायचा नाही."

जपून ठेवायचा आहे, असं त्याला म्हणायचं होतं. कशासाठी, ते तो बोलला नाही. खांद्यावरचं ओझं त्यानं कधी घरात आणलं नव्हतं, तशी पाकखोलीतली भाषाही आणली नव्हती. घरी फक्त एक शब्द आला होता, हलका. "एक हलका दे गं," तो म्हणायचा. बायकोची समजूत, पोटाला हलका. आजारी माणसाला सोसवेल असा. आणि कोपऱ्यातला कॅन तिच्या लेखी विष होतं. मोठ्या दिरांचा पाय कशानं गेला, ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. तिनं त्या कॅनवर एक जुना रुमाल टाकला, चुकूनसुद्धा कुणाचा हात जाऊ नये म्हणून.

दोन वर्षं गेली.

घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. वर शिंपी राहायचा. त्याच्या बाथरूमची फरशी उखडली होती, कामाला सिमेंटची चार पोती आली आणि गाडीवाला ती जिन्याच्या तोंडाशी टाकून निघून गेला. शिंपी पोत्यांकडे बघत उभा होता, हातात मोजपट्टी.

"पट्टीनं मोजून वर जाणार आहेत का?" पन्नासनं दारातून विचारलं.

"हमाल शोधतोय काका."

"किती किलोची?"

"पन्नास."

मग काय, त्याला थांबवणार कोण? सकाळची सुई झाली होती. जेवणाची वेळ होत आली होती. बायको आतून म्हणाली, "अहो, आधी जेवून घ्या."

"चारच आहेत."

अठरा पायऱ्या. पहिलं पोतं गेलं. दुसरं गेलं. वयाला बासष्ट वर्षं, पण खांद्याला रस्ता पाठ होता. तिसऱ्याला पायरी जरा मऊ लागली. त्याला वाटलं, जिना जुना झाला. शिंपी म्हणाला, "राहू द्या काका, उरलेलं मी गडी बघतो." त्यानं ऐकलं नाही. चौथं पोतं वर टेकवलं, नीट रचलं, अंगावरची पूड झटकली. खाली येताना त्याला पायऱ्या मोजाव्या लागल्या, आणि मोजताना बाराच्या पुढचा आकडा सापडेना.

घरात येऊन तो पलंगाच्या कडेवर बसला. कपाळावरून गार घाम निथळत होता. समोर बायको दिसत होती, तिच्या हातातली इस्त्री दिसत होती, पण त्या दोघींची नावं काय, ते येत नव्हतं. एवढं मात्र आत कुठेतरी पक्कं होतं, की काय हवंय. आणि त्याला शब्दही सापडला. एकतीस वर्षं रोज सकाळी कानावर पडलेला शब्द.

"जड," तो म्हणाला.

"काय होतंय? छातीत जड वाटतंय?"

"जड... जड."

"थांबा. उठू नका." तिनं इस्त्री उभी केली आणि मांडणीकडे धावली. तिनं काय विचार केला असेल, तो तिच्या जागी कुणीही केला असता. माणूस मधुमेहाचा. त्याला काही झालं म्हणजे साखर चढली. तिनं ओळीतला पुढचा कॅन उचलला, फोडला, त्याचं डोकं छातीशी धरलं. "घ्या, हलका आहे. बरं वाटेल. सगळा घ्या."

तो प्यायला. गोड लागला. जिभेला काय कळतं? त्यानं सगळा संपवला, आणि कॅन संपेपर्यंत त्याचे डोळे वर गेले.

शिंपी धावत खाली आला. अँब्युलन्स आली. रुग्णालयात हाताच्या शिरेतून साखरेचं पाणी सोडलं, तेव्हा थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले. रक्तातली साखर अठ्ठावीसवर आली होती. पलंगाच्या पायथ्याशी बायको उभी होती, मुठीत तो रिकामा कॅन. घरातून निघताना तो हातात राहिला होता.

तरुण डॉक्टरनं तो बघितला. "हा दिला होता? यात साखर नसते, बाई."

"म्हणून तर दिला," ती म्हणाली.

मग डॉक्टरनं तिला समजावलं, कशामुळे काय झालं ते. वाईट बोलला नाही. पण पन्नास पडल्या पडल्या तिच्याकडे बघत होता. त्यानं पाहिलं, की एकेका वाक्यासरशी तिच्या तोंडावरचा रंग उतरतोय. शेवटी तिनं तो कॅन खाटेखाली ठेवला, आवाज होऊ न देता.

घरी आल्यावर ती बोलेनाशी झाली. कामं सगळी होत होती. सुईच्या वेळा, जेवणाच्या वेळा, सगळं घड्याळावर. पण त्याच्या हातात ती स्वतः काही देईना. ताट समोर ठेवायची आणि हात मागे घ्यायची. इस्त्री ही तिची हातची कला. पाण्याचा थेंब टाकून तापमान ओळखायची, कापड चुरगाळून ओल ओळखायची, कधी कुणाचा सदरा करपला नाही. त्या आठवड्यात दोन सदरे करपले.

चौथ्या दिवशी त्यानं तिला फोनवर ऐकलं. मुलीशी बोलत होती. मुलगी दुसऱ्या गावात बालवाडीत शिकवायची.

"तुझ्या बाबांना तुझ्याकडे घेऊन जा. माझ्या हाती ठेवू नको... नाही, मी नाही येत. माझी गिऱ्हाइकं आहेत... अगं, मी माझ्या हातानं पाजलं त्यांना."

मुलगी दोन दिवसांनी आली. चांगलंच बोलली. "बाबा, माझ्याकडे खोली रिकामी आहे, गादी घालून ठेवलीय. आईला झेपणार नाही आता. महिन्याभरात आवरून घ्या, मी न्यायला येते."

छत्तीस वर्षांचा संसार, आणि तो एका कॅनपायी दोन गावांत वाटला जाणार होता. मुलगी गेल्यावर पन्नास पलंगावर बसून राहिला. पाय तपासायचा आरसा समोर होता, पण त्यानं तळवे बघितले नाहीत. पोतं हरवावं तसं त्याला वाटत होतं. उचलायला काहीतरी हवं होतं, आणि उचलायचं काय, ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बादली घेतली, काठोकाठ भरली आणि पुढच्या खोलीच्या मधोमध आणून ठेवली. रुमालाखालून जड कॅन काढला. ओळीतला एक हलका काढला.

"अगं, इकडे ये."

"इस्त्री तापलीय."

"उभी ठेव. ये."

ती आली, पण लांबच उभी राहिली. त्यानं एक कॅन पाण्यात सोडला. तो सरळ खाली गेला आणि बादलीच्या तळाला टक्क करून बसला. दुसरा सोडला. तो बुडाला, वर आला, आडवा होऊन तरंगायला लागला.

ती न राहवून वाकली. "दोन्ही भरलेले आहेत ना?"

"दोन्ही भरलेले. फोडलेले नाहीत."

"मग असं कसं?"

"तळाशी आहे त्यात सात-आठ चमचे साखर विरघळलेली आहे. वरच्यात नाही. बाकी काही फरक नाही." त्यानं श्वास घेतला. एवढं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. "खालचा तो जड. वरचा तो हलका. पाकखोलीत आम्ही असंच म्हणायचो. चाळीस पोती लागली तर जड, पिंप लागलं तर हलका. आणि मला म्हणायचे पन्नास, पोत्याच्या वजनावरून."

तिनं तरंगणारा कॅन बोटानं खाली दाबला, तो परत वर आला.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही..."

"हो."

"कॅन मागत होता."

"हो."

"आणि मी म्हटलं, छाती."

"तुला दुसरं काय वाटणार? मी सांगितलंच कुठे होतं? डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगायला सांगितलं होतं. मी अर्धं सांगितलं." तो थांबला. "जन्मात काम अर्धं टाकलं नाही. तेवढं एक टाकलं."

ती खाली बसली. डोळ्यांना पदर लावला नाही, तो तिचा स्वभावच नव्हता. तिनं बाही वर सारली, पाण्यात हात घातला, दोन्ही कॅन काढले, एकेका तळव्यावर धरले. मग अदलाबदल करून धरले.

"हाताला कळत नाही," ती म्हणाली.

"नाही कळत. मलाही नाही."

"एवढी पोती उचलून?"

"एवढी पोती उचलून."

"पाण्याला बरं कळतं," ती म्हणाली. आणि मग रागानं, दहा दिवसांत पहिल्यांदा आवाज चढवून, "छत्तीस वर्षं झाली हो! एक शब्द घरी आणला नाहीत तुम्ही. एक शब्द!"

ती चिडली याचंच त्याला हायसं वाटलं.

पुढच्या तपासणीला ती बरोबर आली. आठ वर्षांत त्यानं विचारले नसतील एवढे प्रश्न तिनं एका बैठकीत विचारले. साखर मोजायचं यंत्र कसं चालवायचं? किती आलं म्हणजे उतरली? अर्धा कप म्हणजे आपला कप की दवाखान्यातला? आणि शेवटी, "हा हलका त्यांना द्यायचा की बंद करायचा? लोक म्हणतात विष आहे."

"विष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "एखादा प्यायले तर पिऊ द्या, पाणी त्याहून चांगलं. पण साखर उतरली असेल तेव्हा त्याचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा साखरेचाच हवा. पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, मग जेवायला घालायचं. आणि शुद्ध गेली असेल तर तोंडात थेंबही ओतायचा नाही, घशात जाईल. सरळ अँब्युलन्स."

"थेंबही नाही," ती पुटपुटली. घरी येईपर्यंत तिनं ते दोनदा म्हटलं.

घरी आल्यावर तिनं कोपऱ्यातल्या कॅनवरचा रुमाल काढला. मांडणीची वरची फळी मोकळी केली आणि तिथं दोन जड कॅन ठेवले. नवे कॅन आले की ती आधी बादलीत टाकायची. जो बुडेल तो वर, जो तरंगेल तो खाली. शिंपी एकदा दारातून म्हणाला, "काकू, मासे पाळलेत का?" तिनं त्यालाही पकडून सगळं समजावलं.

पण मुलीला ती काही कळवत नव्हती. फोन आला की म्हणायची, "परवा सांगते." महिना संपत आला. पन्नासनं विचारलं नाही. त्याची पिशवी खुंटीला रिकामी लटकत होती, ती भरायची की नाही, हे ठरवणं तिच्या हातात होतं आणि तिचा तिच्या हातांवर अजून भरवसा बसला नव्हता.

एक दिवस इस्त्रीच्या टेबलाचा एक पाय डुगडुगायला लागला. त्यानं टेबल उलटं केलं. पायाला चार स्क्रू. जुने काढले, भोकांत लाकडाच्या काड्या ठोकल्या, तीन नवे पक्के बसवले. चौथा घेतला. पेचकस खाचेतून निसटला. परत लावला, परत निसटला.

ती पलीकडे बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. "हात बघू."

"थांब. एकच राहिलाय."

ती वाद घालत बसली नाही. उठली, यंत्र आणलं, त्याचं बोट धरलं आणि टोचलं. त्यानं हात मागे घेतला नाही, त्याला ते सुचलंही नसतं. तो स्क्रूकडे बघत होता आणि स्क्रू कशासाठी असतो, ते आठवत होता.

यंत्रावर आकडा आला. तिनं तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

"तुमचंच नाव आलंय," ती म्हणाली. "पन्नास."

वरच्या फळीवरचा कॅन. फोडला. कप अर्धा. फेस बसेपर्यंत ती थांबली, मग वर थोडा घातला. या वेळी त्यानं काही मागितलं नव्हतं, तोंडातून शब्द फुटला नव्हता. तिनं कप त्याच्या ओठाला लावला आणि तो तिच्या हाताचा प्यायला. हात थरथरत होते ते त्याचे. तिचे नाही.

पंधरा मिनिटं ती घड्याळासमोर बसली. घडी घातली नाही, उठली नाही. मग परत टोचलं. एक्याऐंशी. त्याच्या कपाळावरचा घाम तोवर वाळला होता आणि खोलीतल्या वस्तूंना आपापली नावं परत आली होती. उलटं टेबल. पेचकस. बायको.

"जड होता," तो म्हणाला.

"कळलं मला."

तिनं ताट वाढून आणलं. त्यानं ताटाकडे बघितलं, मग टेबलाकडे. तीन स्क्रू चमकत होते, चौथं भोक मोकळं होतं. त्याची नजर जमिनीवर फिरली.

"शोधू नका," ती म्हणाली. "माझ्याकडे आहे."

डाव्या हाताची मूठ तिनं मिटून ठेवली होती. उजव्या हातानं तिनं फोन लावला.

"हं, मी बोलतेय. ती गादी उचलून ठेव... नाही, नको येऊस न्यायला. सुट्टीत ये, राहायला ये... अगं, जेवतायत. मग बोल त्यांच्याशी."

त्यानं पहिला घास घेतला. काम अर्धं पडलेलं असताना घास घशाखाली जातो की नाही, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच बघायचं होतं. गेला. सावकाश गेला, पण गेला. ती समोर बसून राहिली. ताट पुसून रिकामं झालं, तेव्हा तिनं मूठ उघडली. स्क्रूचा ठसा तळव्यात उमटला होता.

"घ्या," ती म्हणाली. "आता करा पुरं."